स्पॅनिश भाषकांना इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ कसा शिकवावा: कॉम्प्युटर समोर ठेवून

तुमच्या टीममध्ये मेक्सिकोचे किंवा कोलंबियाचे सहकारी असतील, किंवा तुम्ही ऑनलाइन इंग्रजी शिकवत असाल, तर 'द प्रोग्राम सेव्ह द फाइल' असं वाक्य कानावरून गेलंच असेल. 'सेव्ह्ज'मधला शेवटचा एस गळतो. चूक एवढीशी, पण इंग्रजी चांगलं येणाऱ्यांच्या तोंडातही ती वर्षानुवर्षं राहते. ती घालवायला मला कॉम्प्युटरइतका सोयीचा विषय दुसरा दिसत नाही. यंत्राबद्दल बोलताना कर्ता सतत 'इट' असतो आणि यंत्र करतं ते नेहमीचं, ठरलेलं काम. साधा वर्तमानकाळ असतो तो याचसाठी.

आधी एस का गळतो ते समजून घ्या. स्पॅनिशमध्ये 'मी सेव्ह करतो' म्हणजे 'गुआर्दो', 'तू करतोस' म्हणजे 'गुआर्दास' आणि 'तो करतो' म्हणजे 'गुआर्दा'. म्हणजे क्रियापदाच्या शेवटी एस आला की त्यांच्या कानाला 'तू' ऐकू येतं, आणि इंग्रजी तोच एस 'तो'ला लावते! त्यात क्युबा, प्वेर्तो रिको, चिली, स्पेनचा आंदालुसिया या भागांत बोलताना शब्दाच्या शेवटचा एस अर्धा गिळतात. तेव्हा विद्यार्थ्याला निष्काळजी समजू नका. हा तक्ता त्याला स्वतःलाच मांडायला सांगा. कारण कळलं की तो स्वतःची चूक स्वतःच पकडू लागतो.

आता कागदावर कॉम्प्युटरचं चित्र काढा आणि प्रत्येक भागाला एकच क्रियापद द्या. प्रिंटर प्रिंट्स. हार्ड डिस्क स्टोअर्झ. प्रोसेसर प्रोसेसिझ. इथे स्, झ् आणि इझ असे तीन उच्चार येतात. स्पॅनिश भाषकाला 'झ्' जड जातो, तिथे 'स्' म्हटला तरी चालवून घ्या. 'इझ' मात्र सोडू नका, कारण त्यात एक अख्खं अक्षर वाढतं. 'स्टोअर'चं 'एस्तोअर' होणारच. त्यांच्या भाषेत 'स्ट'ने शब्द सुरू होत नाही. म्हणून सुरुवात 'प्रिंट्स'पासून करा.

खरा वेळ द्यायचा तो 'डू' आणि 'डझ'ला. स्पॅनिशमध्ये नकारासाठी क्रियापदाआधी 'नो' ठेवला की झालं: 'एल प्रोग्रामा नो फुन्सिओना'. त्यामुळे इंग्रजीत 'द प्रोग्राम नो वर्क्स' येतं. प्रश्नही नुसत्या आवाजाच्या चढावर होतो. वाक्य प्रश्न आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून स्पॅनिशमध्ये सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह देतात. स्पॅनिशच्या लेखनाचे नियम ठरवणाऱ्या रेआल अकादेमिया या संस्थेने ते 1754 मध्ये सुचवलं. आपणही 'वायफाय चालतं?' असंच विचारतो, 'डू'सारखा शब्द आपल्याकडेही नाही. मराठी शिक्षकाला ही अडचण आतून कळते, तिचा उपयोग करा.

मी एसची एक चिठ्ठी करायला सांगेन. 'द प्रिंटर वर्क्स' या वाक्यात ती 'वर्क'च्या मागे ठेवा. प्रश्न करताना तीच चिठ्ठी उचलून पुढे 'डझ'पाशी न्या: 'डझ द प्रिंटर वर्क?' चिठ्ठी एकच, त्यामुळे 'डझ इट वर्क्स' म्हणायला दुसरा एस उरतच नाही. मग बिघडलेल्या मशीनचा संवाद घ्या. एक जण ग्राहक, दुसरा दुरुस्ती करणारा. स्क्रीन लागते का, दिवा लुकलुकतो का, आवाज येतो का? दहा मिनिटांत तीस-चाळीस वेळा 'डझ' आणि 'डझन्ट' तोंडातून जातात.

कर्ता गाळायची सवयही तपासा. 'एस उन विरुस' हे स्पॅनिशमध्ये पूर्ण वाक्य आहे, जसं आपलं 'व्हायरस आहे'. इंग्रजीत मात्र 'इट' हवंच.

'आत्ता' आणि 'नेहमी' यांतला फरकही दाखवावा लागतो, कारण स्पॅनिशमधला साधा वर्तमानकाळ दोन्हीकडे चालतो. डाउनलोडची पुढे सरकणारी पट्टी दाखवा: इथे 'इज डाउनलोडिंग'. रोज रात्री दोन वाजता होणारा बॅकअप मात्र साध्या वर्तमानकाळात.

एवढं जमलं की साखळी सांगायला लावा. आपण पत्ता टाइप करतो, ब्राउझर डीएनएसला (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला) विचारतो, डीएनएस आयपी पत्ता म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता देतो, ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो, सर्व्हर पान धाडतो, ब्राउझर ते दाखवतो. पहिल्या वाक्याचा कर्ता 'यू', म्हणून तिथे एस नाही. पुढच्या सगळ्यांत आहे. हा फरक विद्यार्थ्याच्या लक्षात येईपर्यंत थांबा, आधी सांगू नका.

शब्दांतही फसगत होते. 'कार्पेता' म्हणजे फोल्डर, कार्पेट नव्हे. 'बोर्रार' म्हणजे डिलीट करणं. त्याचा 'बॉरो'शी संबंध नाही. विद्यार्थी कुठला आहे तेही विचारा. कॉम्प्युटरला स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा' आणि कोलंबिया-चिलीत 'कोम्पुतादोर' म्हणतात. त्याचा शब्द वापरलात तर तो मोकळेपणाने बोलेल.

शेवटी यंत्र बाजूला ठेवा आणि त्याच्या स्वतःच्या कामाबद्दल बोलायला सांगा: मी कोड लिहितो, माझी सहकारी तो तपासते, मी दुरुस्त करतो, ती पुन्हा तपासते. 'आय राइट, शी टेस्ट्स' अशी एक वाक्य एसविना, एक एससह, पाच मिनिटं न थांबता.