सीझनमध्ये आपलं कॅलेंडर ऑनलाईन असिस्टंटच्या हातात कसं द्यायचं

गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाला फळ धरायसाठीची छाटणी, सुरू झाली की सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्ष सल्लागाराला विचारा, सकाळी सहाला पहिला फोन येतो आणि रात्री जेवताना पण ताटाशेजारी मोबाईल वाजत असतो. तासगाव, मणेराजुरी, सावळज, पलूस, कवठेमहांकाळ, जत, सगळीकडं प्लॉट एकदमच चालू होतात आणि प्रत्येकाला सर उद्याच पाहिजे असतात. यावर उपाय म्हणून मी साताऱ्यातल्या एका ताईंना कामाला घेतलंय, त्या घरात बसूनच माझं सगळं शेड्यूल बघतात, आणि आता बरेच मित्र विचारतात की हे जमवायचं कसं म्हणून सविस्तर लिहितोय. माझं स्पष्ट मत असंय की असिस्टंट नुसती फोन उचलायला ठेवली तर पैसे पाण्यात, तिला ठरवायचा अधिकार दिला तरच तुमचा दिवस मोकळा होतो. आणि ठरवायला तिला तुमच्या डोक्यातले नियम कळाले पाहिजेत, ते आपण कधी कुणाला सांगितलेलेच नसतात.

पहिलं काम तेच करा. व्हॉइस नोट करा नाहीतर वहीत लिहा, पण सगळं बाहेर काढा. कुठल्या दिवशी कुठली लाईन, हे सगळ्यात आधी. तासगाव-पलूस एका दिवशी, मिरजेवरनं कवठेमहांकाळ-जत दुसऱ्या दिवशी, असं बांधून टाका म्हणजे सकाळी पलूस आणि दुपारी जत असली धावपळ कॅलेंडरवर येणारच नाही. जतला जायचं असेल तर त्या दिवशी किती प्लॉट होतात, दुपारी जेवायला किती वेळ पाहिजे, घरी किती वाजता पोचायचंच आहे, हे पण सांगा. प्रवासाचा वेळ कॅलेंडरमध्ये वेगळा ब्लॉक म्हणून टाकायला लावा, नाहीतर बाहेरच्या माणसाला दोन व्हिजिटच्या मधला दीड तास रिकामाच दिसतो आणि तिथं तिसरा प्लॉट बसतो.

मग अर्जंट म्हणजे काय ते ठरवा, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीनं प्रत्येक फोन अर्जंटच असतो आणि त्याचं चूक पण नाही, वर्षाचं पीक आहे त्याचं. मी ताईंना सरळ सांगितलंय, फोन आला की पहिला प्रश्न 'छाटणीनंतर कितवा दिवस?' आणि दुसरा 'पाऊस झाला का?' प्लॉट 38-40 दिवसांचा, फुलोऱ्यात, आणि रात्री पाऊस पडलाय म्हणजे डाऊनी (केवडा रोग) आणि घडकूज दोन्हीची भीती, तो फोन मी कुठं पण असलो तरी लगेच मला जोडायचा. पानावर डाग दिसतायत पण पाऊस नाही, तर फोटो मागवायचे आणि संध्याकाळपर्यंत माझं उत्तर. खताचा डोस विचारायचाय, तर पुढच्या व्हिजिटला. एवढ्या तीन ओळींनी निम्मे फोन माझ्यापर्यंत येतच नाहीत, आणि ताईंना शेतीतलं काही माहीत नसताना पण त्या बरोबर ठरवतात.

आपल्या धंद्यात एक फायदा आहे तो वापरा. सगळं काम छाटणीच्या तारखेवरनं मोजलं जातं, म्हणजे शेतकऱ्यानं छाटणीची तारीख कळवली की पोंगा (डोळे फुटणं), फुलोरा, मणी सेटिंग (फुलाचे मणी होणं), पाणी उतरणं (मणी मऊ व्हायला लागणं), प्रत्येक टप्प्याला साधारण कधी जायचंय ते आजच कळतं. असिस्टंटला तुमचे टप्प्यांचे दिवस एकदा देऊन ठेवा, तारीख आली की तिनं त्या प्लॉटच्या सगळ्या व्हिजिट एकदमच पेन्सिलनं टाकल्यासारख्या फिकट रंगात टाकायच्या, आणि त्या आठवड्याच्या आधी शेतकऱ्याला विचारून पक्क्या झाल्या की गडद रंग. यामुळं कुठल्या आठवड्यात गर्दी होणार ते महिनाभर आधी दिसतं. नवीन प्लॉट घ्यायचे का नाही हे पण मी त्याच्याकडं बघूनच ठरवतो.

आता गूगल कॅलेंडर शेअर करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. असिस्टंटला इव्हेंट बदलता येतील अशी परवानगी द्यायची, पण पुढं दुसऱ्याला शेअर करायची परवानगी द्यायची नाही, ती सगळ्यात वरची परवानगी तुमच्याकडंच ठेवा. आणि बदल करायची परवानगी दिली की तुम्ही 'प्रायव्हेट' केलेला इव्हेंट पण तिला दिसतो, हे खूप जणांना माहीत नसतं. म्हणून घरचं, दवाखान्याचं, बँकेचं एक वेगळंच कॅलेंडर करा आणि ते शेअर करताना फक्त बिझी आहे एवढंच दिसेल असं करा. तिला वेळ अडकलाय ते कळतं, कशात ते कळत नाही, दोघांनाही बरं.

व्हॉट्सॲपचं पण तसंच. घरचा नंबर लिंक करून देऊ नका, सगळी नातेवाईक मंडळी त्यात येतात. व्हॉट्सॲप बिझनेसला वेगळा नंबर घ्या, तो तिच्या लॅपटॉपला लिंक करा आणि लेबल लावा, 'व्हिजिट मागितली', 'पक्की', 'रिपोर्ट यायचाय'. ओटीपी आणि यूपीआय पिन कुणालाच द्यायचा नाही, फी जमा करायला क्यूआर कोड पुरतो. मेसेज पण एकदा बसून ठरवून टाका, आमचा असा आहे (देठ परीक्षण म्हणजे पानाच्या देठाची लॅबमधली तपासणी):

'नमस्कार दादा, सरांची व्हिजिट मंगळवारी सकाळी 10 ते 12 च्या दरम्यान आहे. प्लॉटचं लोकेशन पाठवा. देठ परीक्षणाचा रिपोर्ट आणि मागच्या फवारण्यांच्या नोंदीचा फोटो आजच पाठवा.'

पक्की वेळ न देता दोन तासांची रेंज द्या, आधीच्या प्लॉटवर उशीर होतोच. आणि रिपोर्ट आदल्या दिवशी हातात असला की प्लॉटवरचा वेळ पण निम्मा होतो.

यात सगळ्यात अवघड भाग तुमचा स्वतःचा आहे. ताईंनी शुक्रवार दिला की ओळखीचा माणूस तुम्हाला डायरेक्ट फोन करणार, 'सर मॅडम शुक्रवार म्हणत्यात, तुम्ही उद्या या की', आणि आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तिथं हो म्हटलात की संपलं, दोन दिवसात सगळ्या गावाला कळतं की मॅडमच्या शब्दाला किंमत नाही आणि परत सगळे फोन तुमच्याकडं. गोडीगुलाबीनं सांगायचं, 'दादा, डायरी मॅडमकडंच आहे, मी सांगतो त्यांना फोन करायला', आणि मग खरंच त्यांनाच करू द्यायचा. वेळ बदलायचीच असेल तरी त्यांच्याकडूनच जाऊ दे. तिचं काही चुकलं तर शेतकऱ्यासमोर बोलू नका, नंतर फोनवर बोला.

रोज संध्याकाळी तिच्याशी 10 मिनिटांचा फोन ठरवून टाका, उद्याचा रूट, अडलेले प्रश्न, बास. तिनं प्रश्न पर्यायासकट विचारायचा अशी सवय लावा, 'सावळजचे दोन प्लॉट मागतायत, बुधवारी एक बसतोय, 52 दिवसांचा घेऊ का 30 चा?' याला एका शब्दात उत्तर देता येतं, 'काय करू सर' ला देता येत नाही. पहिला महिना नुसत्या व्हिजिट पक्क्या करायचं काम द्या, मग हलवायचा अधिकार, मग नवीन शेतकऱ्याला नाही म्हणायचा.

पैसे आणि वेळ सुरुवातीलाच स्पष्ट बोला. सीझनला तास वाढतात तर पगार पण वाढला पाहिजे, रात्री आठनंतर फोन नाही म्हणजे नाही, गणपती-दिवाळीची सुट्टी आधीच कॅलेंडरवर टाका. घरातनं काम करते म्हणजे मोकळीच आहे असं नसतं, तिच्या पण पोरांची शाळा असते. काम थांबलं तर त्याच दिवशी हिशोब पूर्ण करा आणि मग लिंक डिव्हाइस लॉगआऊट करून कॅलेंडरची परवानगी काढा, नवीन येणाऱ्या माणसासाठी नियमांची वही तिच्याकडूनच अपडेट करून घ्या आणि त्या वेळेचे वेगळे पैसे द्या.