एनआयसीयूत आई-वडिलांच्या हाती बाळ कसं द्यावं

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे आणि हे युनिटमध्ये नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी लिहिते आहे. व्हेंटिलेटर, सीपॅप, सलाईनचे हिशेब तुम्हाला कुणी ना कुणी शिकवेलच. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या, बाळाच्या देखभालीत आई-वडिलांना कसं सामील करून घ्यायचं, हे मात्र ज्याचं त्याने बघून शिकावं असं गृहीत धरलेलं असतं. माझं सांगणं एवढंच: पालकांना नुसती भेटीची वेळ देऊ नका, काम द्या. आणि ते पहिल्याच दिवशी द्या.

सुरुवातीला बहुधा वडील येतात, कारण आई अजून वॉर्डात असते. ते दारातच थबकतात आणि त्यांची नजर बाळाऐवजी मॉनिटरवर खिळते. त्यांना आधी स्टूल द्या, बसवा. मग बाळ दाखवा, नळ्या नंतर. "बघा, हात कसा तोंडाकडे नेतेय," एवढं म्हटलं तरी माणूस पुढे झुकतो. त्यानंतर एकेक वायर समजावा: ही हृदयाच्या ठोक्यांची, पायाला लाल दिवा आहे ती ऑक्सिजन मोजणारी, नाकातली सीपॅपची, ती हवेच्या दाबाने फुप्फुसं उघडी ठेवते. अलार्म वाजला तर आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल बघायची, आकडा त्यानंतर, हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवा. बाळाने पाय झटकला तरी अलार्म वाजतो. पण कमी दिवसांचं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं, हेही खरं आहे. ते लपवू नका. पाठीला किंवा तळव्याला हलकेच चोळून आपण त्याला परत श्वासाला लावतो, हे डोळ्यांनी पाहिलेले वडील पुढच्या अलार्मला कमी हादरतात.

हात धुण्याचं थोडक्यात. घड्याळ-अंगठ्या काढायच्या, बाह्या कोपरापर्यंत वर, साबणाने ४० ते ६० सेकंद. शेजारी उभं राहून धुऊन दाखवा, मग त्यांना धुवायला लावा. अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहतात. धुतलेल्या हाताने मोबाइल उचलला की पुन्हा बेसिन. आणि त्यांना स्पष्ट सांगा, "मी हात न धुता बाळाला हात लावताना दिसले तर मला टोका." खरंच कुणी टोकलं तर आभार माना.

आता स्पर्श. याला वेळ द्या. घाबरलेली आई एका बोटाने बाळाचा दंड कुरवाळते आणि बाळ दचकतं, बोटं फाकवतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली येतं. ती हात मागे घेते आणि मग कितीतरी वेळ लावतच नाही. म्हणून आधी पद्धत दाखवा. तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे. हलक्या आवाजात बाळाला हाक मारायची, म्हणजे अचानक हात पडत नाही. एक तळहात टोपीसारखा डोक्यावर, दुसऱ्याने दोन्ही पाय पोटाशी दुमडून धरायचे. मग हात हलवायचे नाहीत. चोळणं नाही, थोपटणं नाही, नुसता स्थिर आधार. मिनिटाभरात खांदे सैल पडतात, कपाळावरची आठी जाते. हात काढतानाही एकदम नको. आधी पायावरचा, मग डोक्यावरचा.

बाळाची भाषाही त्याच वेळी शिकवा. बोटं फाकली, पाठ ताणली, उचकी लागली, शिंका-जांभया एकामागून एक आल्या, रंग बदलला, तर बाळ थकलंय, थांबायचं. हात तोंडाशी, चेहरा शांत, श्वास एका लयीत, तर चालू ठेवा. आठवडाभर बसणारी आई हे आपल्याहून लवकर ओळखते. "सिस्टर, ही आज नेहमीसारखी नाही," असं आईने म्हटलं तर हातातलं काम ठेवा आणि बाळ तपासा. संसर्गाची सुरुवात रिपोर्टमध्ये दिसण्याआधी आईला दिसलेली मी पाहिली आहे.

दुधासाठी तुम्ही वॉर्डात जा, आईने येण्याची वाट बघू नका. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करायची, मग दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा, रात्रीची एक वेळ न चुकवता. पहिला चीक थेंबभरच येतो आणि बाई म्हणते, "एवढ्याने काय होणार?" तोच थेंब सिरिंजमध्ये घ्या आणि तिच्याच हाताने बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावू द्या. चार बायकांसमोर "किती निघालं?" असं कधीही विचारू नका. ट्यूब फीड, म्हणजे नळीने पोटात दूध देणं, सुरू झालं की नळी जागेवर आहे याची खात्री आपण करायची, सिरिंज आईने धरायची. दांडा काढून ठेवायचा, दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं. भरभर उतरलं तर सिरिंज खाली घ्यायची. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. पण त्याआधीही रिकाम्या केलेल्या स्तनाशी बाळाला नुसतं चाटू द्यायला हरकत नाही. डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, तेव्हा तिथे इनक्युबेटर अपुरे होते. आज ती इनक्युबेटर भरपूर असलेल्या ठिकाणीही हवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे, आणि जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची. आपल्याकडून अडतं ते हलवण्याच्या भीतीने. म्हणून सीपॅपवरच्या बाळाला दोघांनी हलवा: एकाने बाळ, दुसऱ्याने नळ्या. आई मागे रेलून बसलेली, तिचं लघवी-पाणी आधी उरकलेलं. बाळ उघड्या छातीवर उभं, अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, पाय बेडकासारखे. डोकं एका बाजूला, हनुवटी छातीवर न टेकलेली, नाक मोकळं. मग कापडाने घट्ट बांधा, कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली. निदान तासभर तरी उठवू नका. सारखं काढ-घाल करण्यातच बाळ थकतं. आई दमली तर बाबा, बाबा नसतील तर आजी किंवा मावशी. बाळाला ऊब कुणाच्याही छातीची चालते.

"इतकी माणसं आत आली तर इन्फेक्शन होईल," असं एखादे वरिष्ठ म्हणतील. त्यांना आदराने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवा. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत १ किलो ते १.७९९ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू दिलं गेलं, आयांना बाळांसोबत अतिदक्षता विभागातच ठेवलं गेलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले आणि संसर्गही वाढला नाही, उलट कमी आढळला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ युनिट्सचा २०१८ चा अभ्यासही आहे: पालक रोज किमान सहा तास थांबून बाळाचं करायचे, तिथे बाळांचं वजन जास्त वाढलं आणि पालकांची चिंता कमी झाली.

डॉक्टरांच्या राउंडला आईला बाहेर काढू नका. कालचं वजन, किती फीड पचले, लंगोट किती ओले झाले, हे तिलाच सांगू द्या. पहिल्या दिवशी आवाज फुटत नाही, तेव्हा तुम्ही शेजारी उभं राहा. डॉक्टर इंग्रजीत बोलून पुढे गेले तर मागे थांबून तिच्या भाषेत सांगा, आणि मग "तुम्हाला काय समजलं?" असं तिच्या तोंडून ऐका. वाईट बातमी असेल त्या दिवशी काम लादू नका, पण काढूनही घेऊ नका. नुसता डोक्यावर हात ठेवून बसायचं असेल तर बसू द्या.

काही पालक येत नाहीत. घरी दुसरं मूल असतं, नोकरी जाईल अशी भीती असते, कधी बाळ जगणार नाही म्हणून जीव लावायचीच धास्ती असते. त्यांच्याबद्दल नर्सिंग स्टेशनवर शेरेबाजी नको. कधी जमेल ते विचारा आणि आंघोळ-पुसणं, लंगोट, फीड त्या वेळेला राखून ठेवा.

घरी सोडण्याआधी एक-दोन दिवस आईला बाळासोबत वेगळ्या खोलीत ठेवा आणि सगळं तिला करू द्या. तिने हाक मारली तरच तुम्ही जा. औषधाचे थेंब तिने तुमच्यासमोर मोजलेले असू देत. दूध न ओढणं, अंग गार किंवा तापलेलं, श्वास भरभर किंवा थांबून थांबून, ओठ निळे, बाळ मलूल: यातलं काहीही दिसलं तर तडक यायचं, हे तिच्यासोबत घरच्या आणखी एकाला पाठ हवं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात लागते आणि पुढेही करावी लागू शकते. ती चुकली तर नजर जाऊ शकते. म्हणून पुढची तारीख डिस्चार्ज कार्डाच्या अगदी वर लिहा, खाली युनिटचा फोन नंबर, आणि तो नंबर तिच्या मोबाइलवरून तुमच्यासमोर एकदा लावून बघा.