लंडनची काळी टॅक्सी: एका दिवसाची खासगी फेरी कशी आखावी

लंडनला पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबापुढे शहर पाहण्याचे तीन-चार पर्याय असतात. भुयारी रेल्वे सर्वांत जलद असली तरी तिच्यातून शहर दिसत नाही. उघड्या छताच्या पर्यटक बसमधून ते दिसते, पण बस ठरलेल्या रस्त्यानेच जाते आणि मधे उतरले की पुढच्या बसची वाट पाहावी लागते. चार ते सहा माणसे, त्यांत गुडघे दुखणारे एखादे ज्येष्ठ, एखादे लहान मूल आणि हाताशी एकच दिवस अशी स्थिती असेल, तर काळ्या टॅक्सीची खासगी फेरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आई-बाबांना घेऊन मी अशी फेरी दोनदा केली. पहिली पार बिघडली आणि दुसरी मनासारखी झाली. पुढचे बहुतेक सल्ले त्या दोन फेऱ्यांमधल्या फरकातून आलेले आहेत.

पहिली चूक गाडीची होती. मध्यस्थामार्फत फेरी ठरवताना मी फक्त ‘खासगी टॅक्सी’ हे दोन शब्द वाचले आणि प्रत्यक्षात आली ती मिनिकॅब, म्हणजे साधी भाड्याची गाडी. चालक सभ्य होता, पण त्याची नजर सतत मोबाइलच्या नकाशावर होती आणि बाबांनी एखाद्या इमारतीबद्दल विचारले की तो नम्रपणे ‘माहीत नाही’ म्हणे. लंडनमध्ये या दोन प्रकारच्या गाड्यांना वेगवेगळे परवाने असतात. काळी टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबवता येते, तिला बससाठी राखलेल्या बहुतेक मार्गिकांतून जाता येते आणि शहराच्या मध्यभागी २००३ पासून लागू असलेल्या कंजेशन चार्जमधून, म्हणजे गर्दीच्या भागात गाडी नेण्याच्या शुल्कातून, तिला सूट आहे. मिनिकॅब आगाऊ ठरवूनच घ्यावी लागते आणि बसच्या मार्गिकेतून तिला असे जाता येत नाही. मध्य लंडनमध्ये अनेक रस्त्यांवर वेगमर्यादाच ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर आहे आणि गर्दीत तोही वेग मिळत नाही. त्यामुळे मोकळ्या मार्गिकेचा फायदा चार तासांच्या फेरीत ठळकपणे जाणवतो.

त्याहून मोठा फरक चालकाच्या तयारीत आहे. काळ्या टॅक्सीचा हिरवा बिल्ला, म्हणजे संपूर्ण लंडनचा परवाना, मिळवण्यासाठी ‘द नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. १८६५ पासून चालत आलेल्या या परीक्षेसाठी लंडनचा मध्यबिंदू मानल्या जाणाऱ्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरची महत्त्वाची ठिकाणे तोंडपाठ असावी लागतात. तयारीला साधारण तीन-चार वर्षे लागतात आणि परीक्षक समोर बसवून विचारतात: अमुक दारापासून तमुक दारापर्यंत सर्वांत जवळचा रस्ता सांगा. उमेदवाराने नकाशा न पाहता एकेक वळण म्हणून दाखवायचे असते. स्कूटरच्या हँडलवर नकाशाची पाटी लावून गल्ल्या घोकत फिरणारी मुले-मुली लंडनमध्ये आजही दिसतात. टॅक्सीचालकांच्या मेंदूतला, जागांची आठवण ठेवण्याशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, असे एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते. म्हणून ठरवतानाच दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: गाडी परवानाधारक काळी टॅक्सी आहे का, आणि चालकाने पर्यटकांना माहिती देण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का. रस्ते पाठ असणे आणि गोष्ट सांगता येणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि आपल्याला दोन्ही हवी असतात.

दर माणशी सांगितला आहे की गाडीमागे, हेही आधी स्पष्ट करून घ्यावे. काळ्या टॅक्सीच्या फेऱ्यांचा दर सहसा गाडीमागे आणि तासांवर ठरतो, त्यामुळे दोघांना महाग वाटणारी फेरी सहा जणांत विभागली की बसच्या तिकिटांच्या जवळ येऊ शकते. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर जादा किती, हॉटेलवरून घेणे-सोडणे त्यातच धरले आहे का, आणि आपण मधे उतरून फिरतो तो वेळ मोजला जातो का, याची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. प्रेक्षणीय स्थळांची प्रवेशतिकिटे या रकमेत बहुधा नसतात. तसेच वेस्टमिन्स्टर ॲबी किंवा टॉवर ऑफ लंडन यांच्या आत गटाला माहिती देत फिरवण्याचे काम ‘ब्लू बॅज’ हा अधिकृत बिल्ला मिळवलेले मार्गदर्शक करतात, तेव्हा चालक आत येईल असे गृहीत धरू नये.

दुसरी चूक वाराची होती. रस्ते रिकामे मिळतील म्हणून मी रविवार निवडला आणि ते खरोखरच रिकामे होते. मात्र बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा ‘द मॉल’ हा रस्ता आणि त्याला लागून असलेला कॉन्स्टिट्यूशन हिल हे दोन्ही रविवारी वाहनांसाठी बंद असतात. राजवाडा दुरून पाहावा लागला. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्येही रविवारी प्रार्थना असतात, पर्यटकांना आत फिरता येत नाही. पहारा बदलण्याचा सोहळा राजवाड्यासमोर साधारणपणे सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी ११ वाजता होतो, आणि त्या दिवशी आजूबाजूचे रस्ते तुंबतात. म्हणून मी मंगळवार किंवा गुरुवार सुचवेन. राजवाडा निवांत पाहायला मिळतो आणि सोहळा अगदीच चुकत नाही, कारण हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर घोडदळाचा पहारा सोमवार ते शनिवार सकाळी ११ वाजता बदलतो. तिथे गर्दी कमी असते आणि घोडे हाताच्या अंतरावरून जातात. या वेळा प्रसंगानुसार बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. ऋतूचाही विचार करावा. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो.

आता मार्ग. फेरीच्या चार-पाच तासांत आत जाण्याची ठिकाणे घालू नयेत, हा माझा आग्रह आहे. टॅक्सी बाहेरून पाहण्यासाठी, वळसा घालण्यासाठी आणि योग्य जागी उतरून दहा मिनिटे उभे राहण्यासाठी आहे. एका कॅथीड्रलच्या आत दीड तास जातो आणि तेवढा वेळ गाडीचे पैसे चालू राहतात. मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवावा, म्हणजे उलटसुलट धावाधाव होत नाही.

चालकाला आपली यादी आधी पाठवावी आणि तिच्यात नेहमीच्या फेऱ्यांत नसणारी ठिकाणे आवर्जून लिहावीत. खासगी गाडीचे पैसे खऱ्या अर्थाने तिथेच वसूल होतात. मराठी माणसाने निदान दोन घरे लिहावीत. पहिले लिटल व्हेनिस भागातले १०, हाउली प्लेस. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला आलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. शांत गल्ली, पांढरी घरे आणि भिंतीवर टिळकांच्या नावाची गोल निळी पाटी. दुसरे प्रिमरोझ हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. ते उघडे असण्याच्या वेळा पाहून जावे. टिळकांचे घर मात्र राहते घर आहे, तेव्हा पाटी फुटपाथवरूनच वाचावी. हाउली प्लेसला बाबा गाडीतून उतरले, टोपी काढून हातात घेतली आणि पाटीवरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. चालकाने इंजिन बंद केले आणि ते परत येईपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही.

सावरकरांचे वास्तव्य असलेले इंडिया हाउस, म्हणजे ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, उत्तरेला हायगेटमध्ये आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले हे वसतिगृह यादीत घ्यायचे असेल तर फेरी निदान तासाभराने वाढवावी आणि ते फेरीच्या अगदी आरंभी ठेवावे. मधेच तिकडे वळले तर ११ चा पहारा हातचा जातो.

प्रिमरोझ हिलच्या माथ्यावर गाडी जात नाही. पायी चढण्याची ताकद असेल तर वर जावे, कारण तिथून जवळजवळ सगळे मध्य लंडन एका नजरेत दिसते. तिथून खाली हाइड पार्क कॉर्नर, मग राजवाडा, मग हॉर्स गार्ड्स असे यावे. पुढे पार्लमेंट चौकात एलिझाबेथ टॉवर आहे. बिग बेन हे नाव मनोऱ्याचे नसून आतल्या १३.७ टनांच्या घंटेचे आहे, हे चालक सांगेलच. त्याच चौकात २०१५ मध्ये उभारलेला गांधीजींचा पुतळाही आहे. संसदेचे सर्वांत चांगले छायाचित्र मात्र चौकातून मिळत नाही. वेस्टमिन्स्टर पूल ओलांडून समोरच्या काठावर, सेंट थॉमस रुग्णालयापाशी उतरवायला सांगावे. तिथून नदीसह संपूर्ण इमारत चौकटीत बसते. अशा जागी गाडीला फार वेळ थांबता येत नाही, म्हणून चालक तुम्हाला उतरवून फेरी मारून येतो. उतरण्यापूर्वी परत भेटण्याची नेमकी जागा ठरवावी आणि एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत.

परतताना वॉटर्लू पुलावरून यावे, हा मार्गातला माझा सर्वांत आवडता तुकडा आहे. तिथे नदी वळण घेते, त्यामुळे एका बाजूला संसद आणि दुसऱ्या बाजूला सेंट पॉल्सचा घुमट असे दोन्ही दिसते. पूल संपला की चालकाला सॅव्हॉय कोर्टमध्ये शिरायला सांगावे. साऱ्या इंग्लंडमध्ये गाड्या डाव्या बाजूने चालतात, पण सॅव्हॉय हॉटेलकडे जाणाऱ्या या छोट्या रस्त्यावर त्या उजव्या बाजूने चालतात. मुलांना हे फार आवडते. टेम्पल प्लेसपाशी एक हिरवी लाकडी टपरी दिसेल. टॅक्सीवाल्यांना उन्हापावसात बसून जेवता यावे म्हणून १८७५ मध्ये स्थापन झालेल्या निधीतून अशा ६१ टपऱ्या बांधल्या गेल्या. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असल्यामुळे त्यांना घोडागाडीपेक्षा मोठे होण्याची परवानगी नव्हती. आज त्यांतल्या १३ उरल्या आहेत. या टपरीबद्दल चालकाला जरूर विचारावे, कारण एरवी इमारतींबद्दल बोलणारा माणूस इथे स्वतःच्या धंद्याबद्दल मनापासून बोलू लागतो.

सेंट पॉल्स हे वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी १६७५ ते १७१० या काळात उभारले. त्याच्या पुढे ‘मॉन्युमेंट’ हा दगडी स्तंभ आहे. १६६६ मध्ये लंडन शहर जाळणाऱ्या आगीची आठवण म्हणून उभारलेल्या या स्तंभाची उंची २०२ फूट आहे आणि पुडिंग लेनमधल्या ज्या बेकरीत आग लागली तीही त्याच्यापासून २०२ फुटांवर होती. हे ऐकून आईने मान वर करून स्तंभ पाहिला आणि मग तोच स्तंभ मनातल्या मनात रस्त्यावर आडवा टाकून टोक कुठे येते ते शोधू लागली.

टॉवर ब्रिज शेवटी ठेवावा. अनेक जण त्यालाच लंडन ब्रिज समजतात. तो वेगळा आणि साधा पूल शेजारीच आहे. १८९४ मध्ये सुरू झालेल्या टॉवर ब्रिजचा रस्ता जहाजांसाठी आजही वर्षातून सुमारे ८०० वेळा उचलला जातो. त्याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. ते पाहून आलात तर काठावरून पूल उघडताना दिसतो, न पाहता आलात तर गाडीत अडकून पडावे लागते.

गाडीतल्या बसण्याबद्दल थोडे. विजेवर चालणाऱ्या नव्या टॅक्सीत सहा जण बसतात: तिघे मागच्या सलग सीटवर, तिघे समोरच्या घडीच्या सीटवर उलट तोंडाने. प्रवासात ज्यांना मळमळते त्यांनी घडीची सीट घेऊ नये. नव्या गाडीचे छत काचेचे असते, त्यामुळे मनोरे बसल्या जागेवरून दिसतात. चाकाची खुर्ची रॅम्पवरून थेट आत नेता येते, हे ज्येष्ठांसाठी मोलाचे आहे. चालक आणि प्रवासी यांच्यात काच असते आणि बोलणे ध्वनिक्षेपकातून होते. तो सुरू आहे ना, हे निघतानाच तपासावे. आमचा पहिला अर्धा तास नुसत्या हातवाऱ्यांत गेला होता. लहान मुलांची खास सीट बहुधा गाडीत नसते, हवी असल्यास आधी कळवावे.

फेरीचा शेवट हॉटेलवर न करता टॉवर ऑफ लंडनच्या दाराशी करावा आणि तिथली तिकिटे दुपारच्या वेळेची आधीच काढून ठेवावीत. आत निदान तीन तास लागतात, तेव्हा टॅक्सीला निरोप द्यावा. कोहिनूर पाहायचा असेल तर सर्वप्रथम ज्वेल हाउसकडे जावे, कारण दिवस चढतो तशी तिथली रांग वाढत जाते. काळ्या टॅक्सीत कार्डाने पैसे देता येतात. बक्षिसी देण्याची सक्ती नाही, पण काम आवडल्यास ती लोक देतात. पावती घेताना चालकाचा बिल्ला क्रमांक तिच्यावर लिहून घ्यावा, म्हणजे गाडीत चष्मा किंवा छत्री राहिली तरी शोध घेणे सोपे जाते. परतताना टॉवर हिलचे भुयारी स्थानक जवळ आहे, आणि पाय दुखत असतील तर छतावरचा नारिंगी दिवा पेटलेली कोणतीही काळी टॅक्सी हात दाखवून थांबवावी.