कारागृहात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: गर्दी, गणती आणि कागद

संध्याकाळच्या बंदीची, म्हणजे सगळ्यांना बराकीत कुलूपबंद करतानाची, गणती पहिल्यांदा माझ्याकडे आली त्या दिवशी माझी बेरीज एकाने कमी भरली. चाळीस जणांसाठी बांधलेल्या बराकीत नव्वदच्या वर माणसं, रांगेत बसवली तरी गुडघ्याला गुडघा लागलेला. वाटलं, आपलीच मोजणी चुकली असेल; सकाळचा आकडा, त्यातून सुटलेले वजा, कोर्टातून आलेले अधिक, असं करून रजिस्टर भरायला निघालो होतो. सुभेदारांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ रक्षकांनी, हात धरला. म्हणाले, "कागद नंतर जुळव. आधी माणूस शोध."

सगळं कारागृह थांबलं. तीनदा मोजणी झाली. तो माणूस शेजारच्या बराकीत सापडला. कोर्टातून उशिरा आला होता, त्याच्या बराकीत पाठ टेकायला जागा नव्हती, म्हणून गाववाल्याशेजारी जाऊन बसला होता. पळायचा विचारही त्याच्या मनात नव्हता. मला मात्र त्या तासाभरात घाम फुटला, आणि गर्दीच्या कारागृहातली सुरक्षा म्हणजे काय ते पहिल्यांदा समजलं. झोपायला जागा मिळावी म्हणून माणसं आपोआप सरकतात आणि रजिस्टर मागे राहतं. ते अंतर वाढू न देणं हे शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांचं पहिलं काम.

येरवड्याच्या प्रशिक्षणात कवायत, हत्यार, कारागृहाचा कायदा आणि महाराष्ट्राची कारागृह नियमावली शिकवतात. ते सगळं लागतंच. पण माझी सगळी नोकरी जिल्हा कारागृहांत गेली, म्हणून तिथे पहिल्या सहा महिन्यांत जे अंगावर येतं तेवढंच इथे सांगतो.

आधी आकडे, कारण ते माहीत नसले तर आपल्यालाच काम जमत नाही असं वाटत राहतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ आहे आणि आत ५,७३,२२० बंदी, म्हणजे कैदी, आहेत, म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस. ही झाली सरासरी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता कित्येक वर्षं ८०४ होती आणि आत तीन हजारांच्या आसपास माणसं असायची. त्याच अहवालात शंभरातले जवळपास शहात्तर बंदी न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता झोपायची जागा. नवीन माणसाला हे क्षुल्लक वाटतं, पण मी पाहिलेल्या दहा भांडणांतली सहा-सात जागेवरून झाली. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. प्रत्यक्षात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. जागा कमी पडली की तिला किंमत येते. खिडकीखालची जागा कोणाची, पंख्याखालची कोणाची, हे बराकीतला एखादा दांडगा ठरवू लागतो आणि नवा, गरीब, एकटा माणूस संडासाच्या दाराशी जातो. तिथून तो त्या दांडग्याचा गडी होतो: कपडे धुतो, पाय दाबतो, उद्या त्याचा मोबाइलही स्वतःच्या पथारीत लपवतो. म्हणून जागा वाटण्याचं काम बराकीवर कधी सोडू नका. आमच्याकडे एका हवालदारांनी साधा रिवाज घातला होता. दर रविवारी पथाऱ्या एका ओळीने पुढे सरकायच्या, संडासाजवळचा माणूस खिडकीकडे, खिडकीजवळचा मागे. म्हातारे आणि आजारी तेवढे कायम भिंतीला. दोन आठवडे कुरकुर झाली, मग भांडणं निम्म्यावर आली. कॅमेऱ्यांनी झालं नसतं ते त्या रविवारांनी झालं.

पाण्याचंही तसंच. मराठवाड्यातल्या माझ्या एका नेमणुकीत एप्रिलपासून टँकरवर भिस्त होती. टँकर उशिरा येणार असेल तर ते सकाळीच बराकीबराकीत जाऊन सांगायचं. खरी वेळ सांगितली की माणसं थांबतात. खोटी वेळ सांगितली की दुपारपर्यंत भांडी वाजायला लागतात. पावसाळ्यात खरूज पसरते. एकाला खाज सुटली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना औषध द्या आणि पहिलं ऊन पडेल तेव्हा पथाऱ्या बाहेर काढा. खोकला लांबलेला माणूस दिसला तर थुंकीची तपासणी. नव्वद जणांच्या बराकीत क्षयरोग राहिला तर तो तुमच्याही घरी जाईल.

मुख्य दरवाजाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथले नियम पक्के आहेत आणि त्यांत डोकं चालवायचं नसतं. आतला आणि बाहेरचा दरवाजा एकाच वेळी उघडायचा नाही, मग कोणीही येवो. प्रत्येकाची झडती, साहेबांच्या ड्रायव्हरचीसुद्धा. तटाजवळच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी फेरी मारायची, कारण बाहेरून गांजा किंवा मोबाइल भरलेला चेंडू रात्रीच येऊन पडतो. आणि तुमच्याच सहकाऱ्याने काही आत नेलं तर ते सांगायची हिंमत पहिल्याच वेळी करा, दुसऱ्या वेळी तुम्ही त्याचे भागीदार झालेले असता.

आदर्श नियमावलीप्रमाणे सहा बंद्यांमागे एक रक्षक हवा. तेवढे कुठेच नसतात. रात्री कधी कधी दोनशे माणसांमागे आम्ही तिघं असायचो. तिथे लाठीचा उपयोग नसतो, ओळख उपयोगी पडते. बराकीतल्या प्रत्येकाचं नाव, गाव, केस आणि पुढची तारीख मी खिशातल्या वहीत लिहून ठेवत असे. रोज बोलणारा माणूस गप्प झाला, जेवण परत करू लागला, घरून मुलाखतीला येणारं कोणी येईनासं झालं, की त्या रात्री त्याच्या बराकीवर दोन फेऱ्या जास्त. या वहीने दोन जीव वाचले आहेत, हे मी खात्रीने सांगतो.

आता त्या शहात्तर जणांकडे. आपल्या खात्यात एक समज खोलवर आहे की गर्दी ही कोर्टाची आणि पोलिसांची गोष्ट, आपण फक्त सांभाळायचं. मला हे मान्य नाही. एका कारागृहात मला जामीन मंजूर होऊनही चार महिने आत असलेला एक ऊसतोड मजूर भेटला. रक्कम पंधरा हजार, जामीनदार नाही, बायको बीडहून एकदाच येऊ शकलेली. त्याची फाइल सगळ्यांच्या टेबलावरून गेली होती, पण ती कोणी बघितली नव्हती. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने अर्ज केला, कोर्टाने जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडलं. त्याला लागले नऊ दिवस.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याच्या बाबतीत एक तृतीयांश काळ पूर्ण झाला की अधीक्षकांनी कोर्टाकडे लेखी अर्ज करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त केसेस असणाऱ्यांनाही अडचण येते. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब न्यायाधीन बंद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे; सुरुवातीला तिची मर्यादा चाळीस हजारांची होती. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंदी आढावा समिती बसते आणि तिच्यापुढे ठेवायची यादी आपल्याच कार्यालयातून जाते. यादीत नाव नाही तर तो माणूस समितीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

म्हणून कार्यालयात नेमणूक झाली तर नाराज होऊ नका. दर सोमवारी तीन गोष्टी काढा: जामीन होऊन सात दिवस झालेले कोण, कलम ४७९ चा काळ महिनाभरात पूर्ण होणारे कोण, आणि कोर्टात नेणारी पोलीस पार्टी न मिळाल्यामुळे दोन तारखा चुकलेले कोण. शेवटच्यांसाठी व्हीसीची, म्हणजे व्हिडिओवरून हजर करण्याची, मागणी त्याच दिवशी कोर्टाला पाठवा. बराकीत काम करत असाल तर हीच माणसं तुमच्या वहीतून कार्यालयाला कळवा. बंदी बहुतेक वेळा स्वतःहून विचारत नाही, कारण विचारायचं कोणाला हेच त्याला ठाऊक नसतं.

सुटकेचा आदेश आला की तो त्याच दिवशी संपवायचा. संध्याकाळची बंदी होण्याआधी ओळखीच्या खुणा तपासा, दुसऱ्या केसमध्ये तर तो नको आहे ना हे पाहा, त्याचे पैसे आणि कपडे मोजून द्या. बाहेर पडताना एसटीचं भाडं त्याच्याजवळ आहे का, एवढं विचारा. त्या ऊसतोड मजुराला आम्ही साडेपाचला सोडलं, बीडची गाडी सव्वासहाला होती. मग आत जाऊन गणती घेतली, एक कमी, आणि या वेळी तो कुठे आहे हे मला माहीत होतं.