आधी पाणी, मग रेग्युलेटर: छोट्या रेल्वेवर ड्रायव्हर होताना

ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या मराठी माणसाला एखाद्या रविवारी बागेत भेळेच्या गाडीएवढंही नसलेलं वाफेचं इंजिन आठ-दहा माणसं ओढताना दिसतं आणि 'हे आपल्याला चालवायला मिळेल का?' असा प्रश्न पडतो. मिळतं. पुण्याच्या जोशींच्या संग्रहालयातल्या गाड्या पाहायच्या असतात, इथल्या गाड्यांवर बसायचं असतं, आणि त्या चालवणाऱ्या हौशी क्लबांना माणसं नेहमीच कमी पडतात. रूळ बहुधा 5 इंची (127 मिमी) किंवा सव्वासात इंची (184 मिमी) असतो. 350 मिमीपेक्षा अरुंद रुळांना ब्रिटनचा रेल्वे कायदा सहसा 'रेल्वे' मानत नाही. त्यामुळे ड्रायव्हरला सरकारी लायसन्स नाही. शिकवणं, पारखणं आणि शिक्का मारणं हे सगळं क्लबच करतो. म्हणून एका क्लबचा शिक्का दुसऱ्याकडे आपोआप चालेल असं धरू नका.

पहिले काही आठवडे इंजिनाला हात लागेलच असं नाही. झाडणं, रुळांचे सांधे जोडणाऱ्या पट्ट्यांचे (फिशप्लेटचे) बोल्ट आवळणं, मग गार्डचं काम. याला वेठबिगार समजू नका. 80 किलोच्या इंजिनामागे आठ मोठी माणसं म्हणजे साडेपाचशे किलोंच्या वर ओझं. एकट्या इंजिनाच्या ब्रेकने ते उतारावर आवरत नाही, खरं थांबवतात ते डब्यांचे ब्रेक. हे गार्डच्या जागेवरून जितकं कळतं तितकं पुढे बसून कळत नाही. पुष्कळ क्लब त्यानंतर बॅटरीचं इंजिन देतात: रूळ, चढ-उतार आणि थांबायचं अंतर शिकायला तेच बरं.

वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरचं पहिलं काम गाडी चालवणं नव्हे, बॉयलरमध्ये पाणी राखणं. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेची, म्हणजे गेज ग्लासची, दिसणारी नळी 35-40 मिमीची. पाणी अर्ध्याच्या वर, पाऊण नळीपर्यंत ठेवायचं. नळी बारीक असल्याने तिच्यात बुडबुडा अडकतो, आणि क्षार साचून वाट तुंबली तर ती जुनीच पातळी दाखवत राहते. म्हणून खालचा कॉक उघडून पाणी फुसकन सोडायचं आणि बंद करायचं. पाणी टुणकन परत वर आलं तर ठीक, रेंगाळत आलं तर नळीवर विश्वास नाही.

शिकाऊ हमखास फसतात ते चढावर. धुराडं पुढे ठेवून इंजिन चढतं तेव्हा पाणी मागे, फायरबॉक्सकडे (विस्तवाच्या पेटीकडे) सरकतं आणि नळी जास्त दाखवते. बॉयलर अर्ध्या मीटरचा आणि चढ 80 ला 1 असा धरला, तर चढाकडून तेवढ्याच उताराकडे वळताना नळीत सुमारे 6 मिमीची घट दिसते. चढावर 'अर्धी नळी आहे' म्हणून निवांत राहिलेल्याचा फायरबॉक्सचा माथा चढ संपून उतार लागताच पाण्याबाहेर उघडा पडू शकतो. पाणी चढाआधी, सपाटीवर भरा. नळी रिकामी झाली आणि कॉक उघडूनही पाणी दिसेना, तर पंप मारू नका. विस्तवाखालच्या जाळीची पिन ओढून विस्तव खाली पाडा. फायरबॉक्सच्या तापलेल्या तांब्याच्या पत्र्यावर गार पाणी पडणं वाईट.

पाणी भरण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग चालू असल्याशिवाय विस्तव पेटवायचा नाही. आसावरचा पंप चाकं फिरली तरच चालतो, फलाटावर उभं असताना तो कामाचा नाही. इंजेक्टर म्हणजे वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन: त्याला आधी पाणी, मग वाफ झटकन पूर्ण. बंद करताना आधी वाफ. ओव्हरफ्लोमधून पाणी गळायचं थांबून बारीक चिवचिव ऐकू आली की पकडलं. नाही पकडलं तर इंजेक्टरला शिव्या देण्याआधी टाकी चाचपा: उन्हात किंवा पंपाकडून टाकीत परत येणाऱ्या (बायपासच्या) पाण्याने ती तापली असेल. बॉयलरमधलं पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर इंजेक्टरच गरम होतो. ओलं फडकं टाकून थंड करा. दक्षिण इंग्लंडच्या जड पाण्याने इंजेक्टरच्या आतल्या शंकूंवर (कोनवर) चुना बसतो, तो व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो.

पेटवताना रॉकेलमध्ये भिजवलेली लाकडं, धुराड्यावर विजेचा पंखा. दाब 20-30 पीएसआय झाला की पंखा काढून इंजिनाचा ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफ सोडून विस्तवाला ओढ देणारी नळी. कोळसा साधारण 10-15 मिमीचा, थोडा थोडा, वारंवार. ढीग टाकला की विस्तव काळवंडतो, दाब पडतो, आणि घाबरून आणखी कोळसा टाकला जातो. एक सवय मात्र हाडीमासी मुरवा: रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करण्याआधी ब्लोअर किंचित उघडा. चालत्या इंजिनाची ओढ थांबली की ज्वाळा दारातून तुमच्या गुडघ्यांवर येतात. नायलॉनची पँट घालून कधीच बसू नये.

निघताना सिलिंडर गार असतो, वाफेचं त्यात पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. निचऱ्याचे कॉक उघडून दोन-चार मीटर पुढे-मागे करा. घाई केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चाकं घसरली तर रेग्युलेटर मिटा, आणखी उघडू नका.

परीक्षेत वेगाचे गुण नसतात. परीक्षक मध्येच 'थांबवा' म्हणतो. तेव्हा गाडी कुठे थांबली, ब्लोअर उघडा होता का आणि नळीत पाणी किती, एवढंच पाहतो. बॉयलरचं प्रमाणपत्र मागतो तेही पाहून ठेवा. नव्या बॉयलरची पाण्याची चाचणी कार्यदाबाच्या दुप्पट, नंतरच्या चाचण्या दीडपट दाबाने होतात. चालू तारखेचा कागद नसेल तर क्लबचा विमा इंजिनामागे उभा राहत नाही.

दिवसअखेरीस विस्तव पाडून राख लोखंडी बादलीतच टाकायची. वरून थंड दिसणारी राख प्लास्टिकचा डबा वितळवते, आणि शिकाऊच्या हातून ही चूक दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे होतेच.