टास्कबारवर फाईलचं नाव दिसू द्या

एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी, देवगडकडे ज्यांच्या घरी आंब्याच्या पेट्यांचा हिशोब कंप्युटरवर चालतो त्यांना हे लगेच कळेल, ऑर्डरची एक एक्सेल, पेमेंटची दुसरी, वर व्हॉट्सअ‍ॅप आणि बिलांच्या पीडीएफ असं सगळं एकदम उघडं असतं आणि विंडोज ११ मध्ये टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर, दोन्ही एक्सेल एकाच आयकॉनखाली जाऊन बसतात, मग पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर थांबलेलं आणि आपण माऊस नेऊन नेऊन फाईल शोधतोय.

टास्कबारच्या रिकाम्या जागी राईट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा, खाली टास्कबार बिहेवियर्समध्ये 'कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' आहे तिथे 'नेव्हर' करा. बस, प्रत्येक विंडोचं वेगळं बटण, त्यावर नाव. २०२१ला विंडोज ११ आलं तेव्हा ही सोय काढलेली, २०२३च्या अपडेटमध्ये परत दिली, त्यामुळे ऑप्शन दिसत नसेल तर आधी अपडेट करून घ्या.

तिथेच अलाइनमेंट पण 'लेफ्ट' करून टाका. मधलं स्टार्ट बटण मला अजिबात पटत नाही, अ‍ॅप्स उघडत गेलो की ते सरकत जातं आणि हाताला सवयच लागत नाही.

विंडोज की दाबून धरून १ दाबलं की टास्कबारवरचं पहिलं पिन केलेलं (म्हणजे कायम तिथेच ठेवलेलं) अ‍ॅप उघडतं, २ दाबलं की दुसरं, हे तर शिकाच.

आणि हो, बटणावर नावाची सुरुवातच दिसते, म्हणून फाईलला 'आंबा सीझन ऑर्डर' नको, 'ऑर्डर आंबा' असं नाव द्या.