चाळिशीनंतरचा लाल ठिपका

पिस्तुलावरची मागची साइट (नेम धरायची खाच), पुढची साइट (समोरचा उंचवटा) आणि टार्गेट एका रेषेत आणायचं आणि नजर मात्र पुढच्या साइटवर रोखायची, हे मी ह्यूस्टनला आल्यावर शिकलो, त्याला आता वीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नेमबाजीच्या रेंजवर एक दिवस ते जमेचना. चष्म्याच्या वरच्या भागातून बघावं तर टार्गेट स्वच्छ, पण पुढची साइट म्हणजे नुसता धुरकट ठोकळा. खालच्या भागातून बघावं तर साइट स्वच्छ आणि टार्गेट गायब. मान कोंबडीसारखी वरखाली करत दहा गोळ्या झाडल्या, कागदावर लागल्या चार. शेजारच्या लेनमधले आजोबा हसले आणि आपल्या पिस्तुलाखाली बसवलेल्या लेझरचा लाल ठिपका मला दाखवून गेले.

लेझरचा उपयोग इतकाच. नजर टार्गेटवर ठेवायची आणि ठिपका तिथे आला की झालं, जवळचं दिसण्याशी संबंध नाही. चाप ओढताना हात हलत असेल तर तो हलतोच, उलट ठिपक्याचा नाच बघून आपला आपल्याला कळतो. ज्यांना चाळिशी लागलेली नाही त्यांनी हे पैसे गोळ्यांवर घालावेत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण मंडळातली तरुण मुलं हमखास विचारतात. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीनकार्ड असेल तर येते. लेझर ही नुसती अ‍ॅक्सेसरी, ती कुणालाही मिळते, म्हणून गैरसमज होतो. राज्याचे आणि शहराचे नियमही बघा. टेक्सासात चालतं ते दुसरीकडे चालेलच असं नाही. आणि सांगलीच्या भाच्याने मागितली म्हणून बॅगेत टाकून नेऊ नका. अशा साइट्सवर अमेरिकेचे निर्यातीचे निर्बंध आहेत.

आता माझा मूर्खपणा. पहिला लेझर मी ३५ डॉलरला मागवला. हिरवा, दणकट दिसणारा, खोक्यावर सैनिकाचं चित्र. माझ्या ग्लॉक १९ पिस्तुलाला नळीखाली रेल (अ‍ॅक्सेसरी अडकवायची खाचांची पट्टी) आहे, तिच्यावर तो मिनिटात बसला. रेंजवर नेम जुळवून घेतला, पहिल्या वीस गोळ्या छान गेल्या, मी खूष. पन्नासाव्या गोळीपर्यंत ठिपका एकीकडे आणि भोकं चार इंच दुसरीकडे. पुन्हा जुळवला, पुन्हा सरकला. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी, उघड्या रेंजवर, तर तो पेटलाच नाही. खिशात पाच मिनिटं ऊब दिल्यावर उगवला.

लहानपणी जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक असायची. तिची नळी वाकडी असायची हे आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक. पण ती दर वेळी डावीकडेच मारायची, त्यामुळे दोन पैसे घालवले की कळायचं, फुग्याच्या उजव्या कडेवर नेम धरायचा. हा ३५ डॉलरवाला जत्रेतल्या बंदुकीइतकाही प्रामाणिक नव्हता. स्वस्त लेझरमध्ये बघायचं ते हेच, जिथे लावला तिथे तो राहतो का. ताकद, रंग, धातूची चकाकी, सगळं त्यानंतर.

हे घरी, एकही गोळी न झाडता तपासता येतं. मॅगझिन काढा, चेंबर (नळीमागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. पिस्तूल रिकामं असलं तरी नळी विटांच्या बाहेरच्या भिंतीकडेच करा, पलीकडे बेडरूम आहे त्या भिंतीकडे नको. मी डायनिंग टेबलावर सोना मसुरीच्या दोन पिशव्या ठेवून पिस्तूल त्यांच्यात घट्ट रोवलं आणि वीस फुटांवरच्या भिंतीला मास्किंग टेप लावून ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल काढला, आणि साइट जिथे रोखल्या होत्या तिथेही एक खूण केली. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) वीसेक वेळा मागे ओढून सोडायची, पिस्तूल परत त्याच खाचेत ठेवायचं आणि मागच्या-पुढच्या साइट टेपवरच्या खुणेशी जुळवून ठिपका कुठे येतो ते बघायचं. लाटण्याने लेझरला हलके दोन-चार ठोके द्यायचे. शेवटी लेझर काढून परत लावायचा, स्क्रू तेवढाच आवळून. ठिपका गोलाच्या आत किंवा कडेला आला तर ठेवा. तीन-चार इंच लांब गेला तर परत पाठवा, परतीची मुदत असते तेवढ्यात. माझी बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. लाटणं धुऊन ठेव, एवढंच म्हणाली.

त्याच वेळी ठिपक्याचा आकारही दिसतो. चांगला ठिपका गोल आणि नेटका असतो. भिकार असेल तर लांबुळका, भोवती शिंतोडे उडाल्यासारखा.

रंगाचं म्हणाल तर सगळे हिरव्याच्या मागे असतात. आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो हे खरंच, भर उन्हात तर फारच फरक पडतो. ह्यूस्टनच्या दुपारी माझा लाल ठिपका दहा-बारा फुटांपलीकडे मला सापडत नाही. पण हिरव्यात दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीत ८०८ नॅनोमीटरच्या (ही प्रकाशाची तरंगलांबी, तिच्यावर रंग ठरतो) डायोडने एका स्फटिकाला चेतवायचं, त्यातून १०६४ चा अदृश्य प्रकाश काढायचा आणि तो दुसऱ्या स्फटिकातून नेऊन ५३२ चा हिरवा करायचा. एवढी कसरत थंडीत बिघडते, माझा रुसला तो म्हणूनच. नव्या पद्धतीत डायोडच थेट ५२० च्या आसपासचा हिरवा देतो. तेव्हा हिरवाच हवा असेल तर ५३२ लिहिलेला सोडा, ५२० शोधा. लालमध्येही ६५० पेक्षा ६३५ घ्या. ताकद तेवढीच असली तरी डोळ्याला जवळजवळ दुप्पट उजळ वाटतो. आकडा छापलेलाच नसेल तर मी ती वस्तू घेत नाही.

ताकद ५ मिलिवॉटच्या आत हवी, लेबलवर वर्ग ३आर किंवा ३ए असतो. जास्तीच्या मोहात पडू नका, घरातल्या आरशावरून उलटलेला किरण आपल्याच डोळ्यात जातो. आणि लेबलवर आंधळा विश्वासही नको. एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, त्यातले हिरवे जवळजवळ ९० टक्के आणि लाल ४४ टक्के नियमात बसत नव्हते. ते पॉइंटर होते, बंदुकीचे लेझर नव्हेत, पण अगदी स्वस्त मालात आतला डायोड त्याच पठडीतला असला तर मला नवल वाटणार नाही.

मला लेझर हवा होता रात्री घरात. अंधारात लालही चांगला दिसतो, स्वस्त पडतो आणि बॅटरीही कमी खातो. म्हणून दुसऱ्या वेळी ९० डॉलरचा लाल घेतला. ३५ ऐवजी ९०, पण आधीचे ३५ पाण्यात गेले ते धरले तर १२५.

बटणाकडे लोक शेवटी बघतात, ते आधी बघावं. रेलवरच्या लेझरचं बटण चापाच्या कड्याच्या पुढे असतं, पकड न सोडता बोट तिथे पोचलं पाहिजे. माझं पोचतं. बायको डावखुरी, हात लहान, तिचं पोचत नाही. तिची छोटी पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर आहे, तिला रेलही नाही. तिच्यासाठी मुठीतला लेझर लागतो. मूठ आवळली की पेटतो, सोडली की विझतो, काही शोधावं लागत नाही. क्रिमसन ट्रेस ही कंपनी त्यासाठीच नावाजलेली आहे, पण तिचा लेझर २०० डॉलरच्या वर जातो. तिने किंमत ऐकली आणि म्हणाली, "ठिपका कुठे पडलाय ते दिसेल. ज्याच्यावर पडलाय तो चोर की रात्री उशिरा आलेला आपला मुलगा, ते कसं दिसणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या उशाशी आता साधा जोरकस टॉर्च आहे. एकच वस्तू घेण्याएवढं बजेट असेल तर तुम्हीही आधी टॉर्चच घ्या. दोन्ही एकत्र हवं असेल तर स्ट्रीमलाइटचा टीएलआर-६ बघा, १०० ल्युमेनचा दिवा आणि लाल लेझर. पण तो ठरावीक मॉडेलांसाठीच बनतो, आपलं पिस्तूल यादीत आहे का ते पाहून घ्या.

नेम जुळवणं सोपं आहे. आधी बेंचवर टेकवून साध्या साइटने नेम धरा (मी त्यासाठी वाचायचा चष्मा घालतो) आणि १० यार्डांवर ठिपका पुढच्या साइटच्या टोकावर येईपर्यंत लेझरचे दोन बारीक स्क्रू फिरवा. एक वरखाली, एक डावंउजवं. मग ठिपका मध्यावर ठेवून पाच गोळ्या सावकाश झाडा. भोकांचा पुंजका डावीकडे असेल तर ठिपका डावीकडे सरकवा. गोळ्या ठिपक्याकडे येत नाहीत, ठिपका गोळ्यांकडे न्यायचा. मी पहिल्या दिवशी उलटं फिरवून अर्धी पेटी संपवली.

लेझर नळीच्या इंचभर खाली बसतो, त्यामुळे १० यार्डांवर जुळवलेला ठिपका ५ यार्डांवर गोळीच्या अर्धा इंच खाली आणि २० वर साधारण इंचभर वर दिसतो, गोळी वाटेत थोडी खाली येते ते वेगळं. घरातल्या अंतराला हा फरक काहीच नाही. जुळल्यावर रेलच्या पकडीच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावा. लाल लॉकटाइट नको, तो पुन्हा सहजासहजी सुटत नाही.

आणि होल्स्टर! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. लेझर लावल्यावर जुन्या कायडेक्स होल्स्टरमध्ये (कमरेला लावायचं कडक प्लॅस्टिकचं म्यान) पिस्तूल जाईना. नवं होल्स्टर ६० डॉलर. ते धरून माझा स्वस्त लेझर १८५ ला पडला.

बॅटरी दर पाडव्याला बदलतो. त्याच दिवशी टेबलावर तांदळाच्या पिशव्याही येतात. भिंतीवरचा टेप मी काढलेला नाही, पेन्सिलीचा गोल अजून आहे.